कापसाची पकड

कापसानेही शत्रूला नामोहरम करता येतं, हे मला निवृत्तीनंतर नातवाच्या मोबाईलवर कळलं. नोकरीभर मी कापसाकडे वेगळ्याच नजरेने पाहत आलो. कापूस एकाधिकार खरेदी योजना जोरात होती तेव्हा मी ग्रेडर होतो. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची. शेतकरी रात्रभर बंडीखाली पडून राहायचा आणि सकाळी मी त्याच्या कापसात कोपरापर्यंत हात घालून दोन मिनिटांत त्याच्या वर्षभराच्या मेहनतीची प्रत ठरवायचो. त्या काळात लोक मला थोडेफार भीत असतील. कापसाला भ्यावं असं मात्र कुणालाच वाटत नव्हतं.

नातू 'पोकेमॉन युनाइट' खेळतो. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, दहा मिनिटांचा सामना. मोबाईलवर हा खेळ 2021 साली आला. त्याच्या संघातला एक बुटका प्राणी मी पाहिला आणि चष्मा पुसला. डोक्यावर चांगलं फुटलेलं बोंड, त्यात मधेमधे बिया.

"हे काय रे, पऱ्हाटी?" कापसाच्या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो.

"एल्डगॉस आहे आबाजी. हे पाहा आता."

त्या प्राण्याने अंगाभोवती कापूस गुंडाळला, क्षणभराने तो फट्कन फुटला, जवळ आलेले शत्रू मागे ढकलले गेले आणि पाय चिखलात रुतल्यागत चालू लागले.

"याले कॉटन स्पोअर म्हणते. आता हे पळूच नाही शकत."

ज्यांच्या घरात अजून हे खूळ शिरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पोकेमॉन हा मूळचा जपानी खेळ. सातोशी ताजिरी नावाच्या माणसाने तो कल्पिला. लहानपणी टोकियोजवळच्या आपल्या गावी त्याला किडे गोळा करायचा नाद होता, त्या नादातून हा खेळ निघाला. पहिले दोन खेळ फेब्रुवारी 1996 मध्ये जपानात विकायला आले. रानात फिरायचं, विचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचं. आज या प्राण्यांच्या जाती हजारावर गेल्या आहेत. आपल्याकडच्या पोरांना ते आधी टीव्हीवर हिंदीतून भेटले आणि मग मोबाईलवर. प्रत्येक प्राण्याला झुंजीसाठी चार डाव घेता येतात. पिकाचू वीज पाडतो, कुणी आग ओकतो, कुणी विषाचे दात मारतो. या शेकडो डावांत एक डाव कापसाचा आहे. तो 1999 सालच्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या खेळांत पहिल्यांदा आला.

मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे मूळ खेळात या डावाने समोरच्याला एका गुणाचीही इजा होत नाही. त्याचा फक्त वेग उतरतो, तोही दोन पायऱ्या. वेग 100 असेल तर एका फटक्यात 50. पुन्हा तोच डाव टाकला की 33, तिसऱ्यांदा 25, आणि त्याखाली तो उतरत नाही. मूळ खेळात दोघे आळीपाळीने वार करतात आणि आधी कोण मारणार हे वेगावर ठरतं, म्हणून ही शिक्षा दिसते त्यापेक्षा मोठी आहे. आमची देवळी कुस्तीची. पुढे खासदार झालेले पैलवान रामदास तडस इथलेच. आखाड्यात चपळ गडी समोर आला की जाणता पैलवान त्याला लगेच उचलायला जात नाही. मानेवर भार टाकतो, मनगट धरून ठेवतो, त्याला पाय हलवायला जड करतो, आणि मग डाव टाकतो. कॉटन स्पोअर ही ती पहिली पकड आहे. हा डाव बसवणाऱ्या माणसाने खरा कापूस जवळून पाहिला होता की नाही, कुणास ठाऊक. पण कापसाचा स्वभाव त्याने बरोबर ओळखला. कापूस मारत नाही, तो अडवतो.

तपशिलात मात्र मी या खेळाला पहिली प्रत देणार नाही. हा डाव मरीप नावाच्या मेंढीलाही येतो. मेंढीच्या अंगावर कापूस कुठून आला? लोकर हे प्रथिन, कापूस हे सेल्युलोज. काडी लावून पाहा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो, कापसाला कागद जळल्याचा. दुसरा जंपलफ. हा वाऱ्यावर तरंगत देशोदेशी जातो आणि कापसासारखे कण सांडत फिरतो. हा कापूस नव्हेच. मारुतीला वाहतात त्या रुईच्या झुडपाची किंवा काटेसावरीची म्हातारी असावी तसं हे बेणं आहे. आणि डावाच्या नावातलं 'स्पोअर' म्हणजे बीजाणू, ते तर कापसाला असतच नाहीत. ते बुरशीला आणि नेच्याला असतात, कापसाला सरकी असते. कॉटनी आणि एल्डगॉस हे दोघे त्यातल्या त्यात अस्सल वाटले. कॉटनीने सोडलेल्या कापसाच्या गाद्याउशा फार उत्तम होतात, असं खेळातल्या माहितीपुस्तकात आहे. एल्डगॉसच्या बियांत भरपूर पोषण असून त्या वाऱ्याबरोबर उडून इतरांच्या कामी येतात, असंही आहे. सरकीचं तेल आणि ढेप ज्यांना ठाऊक आहे ते याला हरकत घेणार नाहीत. दुभत्या म्हशीला सरकी घातली की दुधाला काय फरक पडतो हे आमच्याकडे कुठलीही बाई सांगेल. एल्डगॉसला एक जादा गुणही दिला आहे. त्याला कुणी मारलं की त्याच्या अंगचा कापूस उसळतो आणि मैदानातल्या बाकी सगळ्यांचा वेग एक पायरी उतरतो. त्यात त्याचे स्वतःचे सोबतीसुद्धा आले. हे मला फार खरं वाटलं. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उडाला तर तो मालक आणि मजूर असा भेद करत नाही.

जपान्यांना कापूस माहीत नव्हता असं नाही. जमशेटजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, हे आपल्याकडे शाळेत शिकवतात. त्याच टाटांनी 1893 साली एका जपानी कंपनीबरोबर मुंबई ते जपान बोटी सुरू केल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या बोटींतून जाणारा मुख्य माल कापूस होता. जपानी गिरण्या आपला आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणावर नेत. त्याआधी अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1867 साली नागपूरपर्यंत आलेली रेल्वे आणि हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या 'बनी' कापसाचं नाव, यांमुळे वर्धा जिल्ह्याची ही काळी माती इंग्रजांच्या डोळ्यांत भरली होतीच. पुढे बनी मागे पडली. धागा आखूड पण रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, उतारा जास्त, असे वाण शेतकऱ्याला परवडू लागले. बाजाराला काय हवं ते पिकतं. तेव्हाही तसंच होतं, आताही तसंच आहे.

जंपलफसारखा खरा कापूस उडत का नाही, हे सांगायला बोंडापाशी जावं लागेल. आमच्याकडच्या पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. ज्या दिवशी ते फुलतं त्याच दिवशी आत कोवळ्या बीजाच्या सालीवरच्या काही पेशी वर येऊ लागतात. साधारण तीन आठवडे त्या नुसत्या लांब होत जातात. मग लांबणं थांबतं आणि आतल्या भिंतीवर सेल्युलोजचे थर चढू लागतात. बोंड फुटतं, हवा लागते, ओलावा जातो आणि ती पोकळ पेशी चपटी होऊन स्वतःभोवती पिळा घेते. म्हणजे कापसाचा एक धागा ही एकच पेशी असते, दोन-तीन सेंटिमीटर लांब, आणि एका सरकीवर असे हजारो धागे असतात. त्या पिळामुळे धागा धाग्यात अडकतो. सूत निघतं ते या अडकण्यामुळे. गुळगुळीत असता तर सुटून गेला असता. रुईच्या झुडपाच्या म्हातारीचे तंतू गुळगुळीत असतात, म्हणून ती उडते आणि म्हणून तिचं सूत कातणं अवघड. रानटी कापसाचे केस आखूड आणि भुरके होते. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून लांब आणि पांढरा कापूस तयार केला. उडून जाणारा कापूस कोणता शेतकरी ठेवील?

धागा कसा पाहायचा तेही सांगतो, कारण ही विद्या आता यंत्राकडे गेली. ढिगाच्या वरचा कापूस कधी घ्यायचा नाही, तो दाखवायचा असतो. हात आत घालायचा. बोटांना गारवा लागला तर ओल आहे, मग तो कितीही पांढरा दिसो. चिमूटभर कापूस घेऊन सरकी काढून टाकायची. उरलेला पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायचा आणि सावकाश ओढून दोन भाग करायचे. एक भाग दुसऱ्यावर ठेवायचा, पुन्हा ओढायचा. असं करत गेलं की आखूड धागे गळून पडतात आणि बाकीचे एका रेषेत येतात. ती पट्टी काळ्या कापडावर ठेवली की लांबी डोळ्यांनी कळते. शेवटी ती कानाजवळ नेऊन झटका द्यायचा. पक्का धागा तुटताना टच्च आवाज करतो, कच्चा धागा न बोलता सुटतो. शेतकरी हे सगळं माझ्या तोंडाकडे बघत पाहत असायचा, हाताकडे नाही.

आता अडवण्याचा मुद्दा. पऱ्हाटीला शत्रू उदंड. त्यातला एक तुडतुडा: हिरवट, तिरका चालणारा, पानाच्या खालच्या बाजूला बसून रस ओढणारा. त्याने धरलेलं पान कडेने मुडपतं आणि लाल पडतं. तुडतुड्यावर पऱ्हाटीचा जुना उपाय म्हणजे पानावरची लव. लव दाट आणि लांब असली की तुडतुड्याची सोंड पानापर्यंत नीट पोचत नाही आणि मादीला शिरेत अंडी घालणं कठीण जातं. तो मरत नाही, त्याचं काम रखडतं. जगभरच्या कापूस पैदासकारांनी लवेची पानं मुद्दाम निवडली ती यासाठी. कॉटन स्पोअरचा खरा अवतार पाहायचा असेल तर बोंडाकडे नको, पान उलटून भिंगाखाली पाहा. पण सोय झाली तिथे गैरसोय येतेच: लवेच्या पानावर पांढरी माशी जास्त रमते. खेळात एका जातीला एक डाव चालतो आणि दुसरीला चालत नाही, तसा हा हिशेब शेतातही आहे. गवती गटातल्या प्राण्यांवर भुकटीचे डाव चालत नाहीत असा नियम पोकेमॉनमध्ये 2013 पासून आला. कॉटन स्पोअर त्या भुकटीत मोडतो. आमच्या पांढऱ्या माशीला हा नियम कुणी न सांगता कळलेला आहे.

पऱ्हाटीपाशी मारक शस्त्रही आहे. पानावर, बोंडावर आणि सरकीच्या गरात काळे ठिपके दिसतात, त्यांत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. अळ्यांना ते बाधतं, कोंबड्या-डुकरांनाही बाधतं. गाई-म्हशी रवंथ करतात म्हणून त्यांना ते बऱ्याच अंशी पचतं. शिवाय पानाखालच्या शिरेवर गोड रस पाझरणारी छोटी ग्रंथी असते. त्या रसाला मुंग्या येतात आणि फिरता फिरता किड्यांच्या अंड्यांवर हात मारतात. एवढं सगळं असूनही कापूस हे फवाऱ्याचं पीक का झालं, याचं उत्तर पऱ्हाटीपेक्षा आपल्या घाईत जास्त आहे असं माझं मत आहे. असो.

आणि माणूस? खेळातला कापूस ज्याला चिकटतो त्याचा वेग जातो. हे मी जिनिंगमध्ये पाहिलेलं आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर जिन असतात. चामड्याचे दोन रूळ धागा ओढून घेतात आणि सुऱ्या सरकीला मागे रेटतात. क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. 170 किलोची एक गाठ. या ओढाताणीत जे उडतं त्यात निव्वळ कापूस थोडा असतो. बोंडाखालच्या वाळक्या पाकळ्यांचा, पानांचा आणि मातीचा चुरा जास्त असतो आणि त्या चुऱ्यावर जिवाणूंचं विष बसलेलं असतं. श्वासाबरोबर ते आत गेलं की श्वासनळ्या आवळतात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचं वागणं चमत्कारिक आहे. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी कामावर गेलं की छाती भरून येते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी जरा बरं, पुढे आणखी बरं. मग सुट्टी, आणि पुन्हा तेच. सूतगिरण्यांत याला सोमवारचं दुखणं म्हणत. वर्षानुवर्षं असं चाललं की आठवडाभर दम लागायला लागतो आणि पुढे काम सोडलं तरी तो सुटत नाही. गिरणीत पिंजाई खात्यात त्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त, जिनिंगमध्ये त्यामानाने कमी. कारण जिनिंगचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच चालतो. 1948 च्या कारखाने कायद्यात बिसिनोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता.

यादीत होता, पण हंगामी मजुराचा आजार कळवणार कोण? जिनच्या ओळीपुढे टोपल्यांनी कापूस टाकणाऱ्या बाया मी वर्षानुवर्षं पाहिल्या. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरं, नाकावर पदर. एक बाई होती, नाव लिहीत नाही. हंगामाच्या सुरुवातीला टोपली घेऊन सरळ चढायची, शिमग्यापर्यंत तिला मध्ये टोपली टेकवून उभं राहावं लागायचं. मुकादम तिला आळशी म्हणायचा. तिला स्वतःलाही ती म्हातारी होत चालली असंच वाटायचं. छाती आवळली म्हणजे वेग अर्ध्यावर येतो, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. खेळात सेफ्टी गॉगल्स नावाची वस्तू मिळते. ती घातलेल्या प्राण्याला भुकटीचा कुठलाच डाव लागत नाही. नातवाने ते मला कौतुकाने दाखवलं तेव्हा मी विचारलं, "केवढ्याले भेटते?" त्याला वाटलं मी खेळात रमलो.

वेग वेचणीतही जातो, तेही थोडक्यात सांगतो. पहिल्या वेच्याला शेतात सीतादहीची पूजा होते, मग बाया ओटी बांधून ओळीत शिरतात. मजुरी किलोवर. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडेला चिरा पडतात, संध्याकाळी हाताला तिखट-मीठ सोसत नाही. या हातांची गती वाढवणारं यंत्र आमच्या शेतात अजून रुळलेलं नाही.

कापसाचा आणखी एक डाव नातवाने दाखवला: कॉटन गार्ड. यात प्राणी स्वतःला कापसात गुंडाळून घेतो आणि त्याचं संरक्षण एकदम तीन पायऱ्या चढतं. मी म्हटलं, इथे मात्र खेळ सपशेल फसला. कापसाच्या आत सुरक्षित राहणारा प्राणी आमच्याकडे एकच, गुलाबी बोंडअळी, आणि ती कापसाच्या बाजूची नाही. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते. शिरल्याचं भोक बुजून जातं, आणि मग बाहेरून कितीही फवारा मारा. ती आत सरकी खात बसते, धाग्याला डाग पडतात, बोंड अर्धवट उघडतं आणि त्यातून कवडी, म्हणजे डागी कापूस, निघते. फुलात शिरली तर फूल उमलतच नाही, त्याची डोमकळी होते. सकाळी शेतात चक्कर मारली तर डोमकळी दिसते, पण ती मोजायला वेळ कुणाला असतो?

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक पऱ्हाटीत घातलं, अळीने झाड खाल्लं की ती मरते. सुरुवातीला निकाल असा की फवारे कमी झाले, बोंडं भरली, आम्ही खूश. हिरवी अळी आटोक्यात राहिली. गुलाबी अळी हळूहळू त्या विषाला सरावली आणि 2017 च्या हंगामात विदर्भात तिने शेतंच्या शेतं बसवली. खेळात उलटं झालं आहे. कॉटन स्पोअर पहिल्यांदा आला तेव्हा शंभरात पंच्याऐंशी वेळाच लागायचा. 2010 च्या खेळापासून शंभरातले शंभर वेळा लागतो. खेळ बनवणाऱ्याला आकडा बदलला की झालं. त्याच्या अळ्या पिढ्यानपिढ्या शिकत नाहीत.

आता या अळीवर एक नवी युक्ती आली आहे, तीही मारणारी नव्हे, अडवणारीच. मादी पतंग नराला बोलवायला जो गंध सोडते तो 1973 साली ओळखला गेला आणि प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागला. कामगंध सापळ्यातली गोळी त्याचीच. पण सापळ्यात थोडे नर सापडून भागत नाही. म्हणून आता हा गंध भरलेल्या छोट्या दोऱ्या शेतभर झाडांना बांधतात. सगळ्या शेतातच मादीचा वास भरून राहतो, नर भरकटत फिरतो, खरी मादी कुठे आहे हे त्याला कळत नाही आणि अंडी पडतच नाहीत. एकट्याने आपल्या दोन एकरांत बांधून उपयोग कमी, शेजारच्या शेतातून फळलेली मादी येणारच. शिवारातल्या सगळ्यांनी मिळून बांधाव्या लागतात, आणि फरदड, म्हणजे पीक लांबवून जादा वेचा, न घेता पऱ्हाटी वेळेत उपटावी लागते. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट म्हटली की पुढचं सांगायला नको.

नातवाला हे सांगितलं तेव्हा तो मोबाईल खाली ठेवून ऐकत होता, हे विशेष. त्याच्या मते हा कापसाचा डावच नाही. शत्रूला गोंधळात पाडणारे डाव वेगळे, ते वटवाघूळ आणि भूत जातीच्या प्राण्यांना येतात, एल्डगॉसला नाही. यादी त्याला पाठ आहे, मी वाद घातला नाही. उद्या त्याला घेऊन शिवारात जायचं आहे. डोमकळी कशी ओळखायची ते दाखवतो. आणि तुडतुडा एकदा तरी त्याने हातात धरावा. पकडायला तो भारी चपळ असतो.